सूज का येते, आणि ती केव्हा ओसरायला हवी



वार्षिक अहवाल म्हटला की खाटांची संख्या, शस्त्रक्रियांचे आकडे आणि जमाखर्चाची पत्रके ओघानेच आली. ती या अहवालात अन्यत्र दिलेली आहेतच. त्यांच्या जोडीला एखादा वैद्यकीय विषय सर्वांना समजेल अशा भाषेत मांडावा, अशी आपल्या रुग्णालयाची प्रथा आहे. यंदा त्यासाठी आम्ही निवडलेला विषय अगदी साधा वाटेल असा आहे. तो म्हणजे सूज. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. वैद्यकाचे जे ज्ञान पदरी पडले ते प्रशासनाच्या खुर्चीत बसून, डॉक्टर मंडळींना प्रश्न विचारून. पुढील मजकूर आमच्या शल्यचिकित्सा विभागातील सहकाऱ्यांनी तपासून दिला आहे.

हाच विषय का निवडला, हे आधी सांगितले पाहिजे. अहवाल वर्षात आपल्याकडे एका शेतकरी गृहस्थांची हर्नियाची शस्त्रक्रिया झाली. ती व्यवस्थित पार पडली आणि तिसऱ्या दिवशी त्यांना घरी सोडण्यात आले. निघताना त्यांच्या पत्नीने जखमेभोवतालच्या सुजेविषयी विचारले, तेव्हा "सूज येणारच, घाबरू नका," असे आमच्याकडून सांगण्यात आले. ते खरेच होते. परंतु सहाव्या दिवशी ओसरत आलेली सूज पुन्हा वाढू लागली, ठणका सुरू झाला, पट्टी ओली होऊ लागली. सांगितल्याप्रमाणे घरची मंडळी घाबरली नाहीत. ती नवव्या दिवशी आली, तोवर जखमेत पू साठला होता. टाके उसवून जखम उघडी करावी लागली आणि ऐन सुगीत त्या गृहस्थांना १८ दिवस पुन्हा येथे काढावे लागले. ते पूर्ण बरे होऊन घरी गेले. वाढीव बिल विश्वस्त मंडळाने माफ केले. पण बिलाच्या खिडकीवर त्यांच्या मुलाने काढलेले उद्गार आमच्या मनातून जात नाहीत. "साहेब, तुम्हीच म्हणाला होता ना, सूज येणारच म्हणून?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही अर्धेच वाक्य सांगितले होते. सूज येणारच, हे त्या वाक्याचे पूर्वार्ध. ती अमुक दिवसांत ओसरलीच पाहिजे, हे उत्तरार्ध. ते उत्तरार्ध सर्वांपर्यंत पोहोचावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

लक्षणे जुनीच आहेत

शरीराच्या कोणत्याही भागास इजा झाली, मग ती सुरीने कापल्याची असो, भाजल्याची असो, मुरगळल्याची असो वा शल्यचिकित्सकाने जाणीवपूर्वक केलेल्या छेदाची असो, तेथे एकाच प्रकारच्या घडामोडी सुरू होतात. वैद्यकीय परिभाषेत त्यांना एकत्रितपणे 'दाह' किंवा 'शोथ' म्हणतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये होऊन गेलेल्या सेल्ससने आपल्या वैद्यकविषयक ग्रंथात दाहाची चार लक्षणे नोंदवून ठेवली आहेत : लाली, सूज, उष्णता आणि वेदना. पुढे त्यांत पाचव्या लक्षणाची भर पडली, ते म्हणजे त्या अवयवाचे काम मंदावणे. दुखऱ्या पायावर आपण भार देत नाही, हे त्याचेच उदाहरण.

आपल्या देशातील परंपराही याबाबत मागे नाही. सुश्रुतसंहितेत व्रणशोथाच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था वर्णिलेल्या आहेत. कच्चा शोथ छेदणे आणि पिकलेल्या शोथाकडे दुर्लक्ष करणे, हे दोन्ही वैद्याचे दोष मानलेले आहेत. सूज आहे किंवा नाही एवढेच पाहून भागत नाही, ती कोणत्या अवस्थेत आहे हे ओळखावे लागते, हा विचार त्या प्राचीन ग्रंथात स्पष्टपणे आढळतो. १८ व्या शतकातील विख्यात ब्रिटिश शल्यचिकित्सक जॉन हंटर यांनी युद्धातील जखमांच्या अनुभवावरून असे मत मांडले की दाह हा स्वतः रोग नसून शरीराने इजेला दिलेले हितकारक उत्तर आहे. त्यांचा यासंबंधीचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १७९४ साली प्रसिद्ध झाला. आजचे वैद्यकशास्त्र मूलतः याच मताचे आहे.

पहिली काही मिनिटे

त्वचेला छेद जाताच तेथील रक्तवाहिन्या क्षणभर आकसतात. रक्तातील प्लेटलेट छेदाच्या जागी जमून बूच तयार करतात आणि रक्त गोठण्याची क्रिया सुरू होते. ही तातडीची डागडुजी झाली. खरी दुरुस्ती यानंतर आरंभते.

इजा झालेल्या पेशी फुटल्यामुळे त्यांच्या आतील द्रव्ये बाहेर सांडतात. एरवी पेशीच्या आत असणारे पदार्थ बाहेर आढळले, म्हणजे काहीतरी बिघडले आहे, हे शेजारच्या संरक्षक पेशी ओळखतात. ऊतींमध्ये ठिकठिकाणी मास्ट नावाच्या पेशी असतात. त्या आपल्याजवळ साठवलेले हिस्टामिन सोडतात. त्यामुळे आसपासच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात. त्या भागात अधिक रक्त येते, म्हणून जागा लाल व गरम होते. त्याच वेळी लहान शिरांच्या अस्तरातील पेशींमध्ये बारीक फटी पडतात आणि रक्तातील पाणी व प्रथिने बाहेर झिरपू लागतात. हे झिरपलेले द्रव म्हणजेच सूज.

हे द्रव निरुपयोगी नसते. त्यातून जंतूंशी लढणारी प्रतिपिंडे येतात, जंतूंवर खूण करणारी पूरक प्रथिने येतात आणि जखमेत जाळे विणणारे फायब्रिनही येते. शिवाय दूषित द्रव्ये त्यामुळे पातळ होतात. वेदनेचेही असेच आहे. ब्रॅडिकायनिन व प्रोस्टाग्लँडिन ही रसायने त्या जागेच्या मज्जातंतूंना उद्दीपित व अतिसंवेदनशील करतात, म्हणून साध्या स्पर्शानेही दुखते. दुखते म्हणून आपण तो भाग हलवत नाही, आणि हलवत नाही म्हणून त्याला विश्रांती मिळते.

पांढऱ्या पेशींचा प्रवास

१८६७ साली जर्मन विकृतिशास्त्रज्ञ युलिउस कोनहाइम यांनी बेडकाच्या पारदर्शक ऊतींतील दाह सूक्ष्मदर्शकाखाली पाहून वर्णिला. रक्तातील पांढऱ्या पेशी वाहिनीच्या कडेला येतात, तेथे चिकटतात आणि मग भिंतीतून वाट काढत बाहेर पडतात, असे त्यांना दिसले. जखमेतील पू कोठून येतो, या जुन्या प्रश्नाचा उलगडा यामुळे झाला. पू म्हणजे मुख्यतः रक्तातून आलेल्या आणि लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी.

त्या बाहेर येऊन काय करतात, हे पुढे १८८२ साली रशियन जीवशास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ यांनी शोधले. ते तेव्हा सिसिली बेटावरील मेसिना येथे राहत होते. तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या अंगात त्यांनी बारीक काटे टोचून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडलेला. या पेशी परक्या वस्तूला घेरतात व शक्य तर गिळून टाकतात, या निष्कर्षावर ते आले. या विषयातील कार्यासाठी १९०८ साली त्यांना पाऊल एर्लिक यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक देण्यात आले.

आज आपणांस या प्रवासाचे वेळापत्रकही ठाऊक आहे. प्रथम येतात न्यूट्रोफिल. मानवी शरीर या पेशी दररोज सुमारे १०,००० कोटी इतक्या प्रचंड संख्येने निर्माण करते. इजेनंतर काही तासांतच त्या जखमेत शिरू लागतात आणि पहिल्या २४ ते ४८ तासांत त्यांची गर्दी सर्वाधिक असते. त्या जंतूंना गिळतात, मारक रसायने सोडतात आणि अल्पावधीत स्वतः नष्ट होतात. मात्र या मारक रसायनांना आपले व परके कळत नाही. गर्दी लांबली तर आपल्याच निरोगी ऊतींची हानी होते.

म्हणूनच त्यांच्यामागोमाग मॅक्रोफेज, म्हणजे महाभक्षक पेशी येतात. दोन-तीन दिवसांनी जखमेत त्यांचे प्राबल्य होते. मेलेले न्यूट्रोफिल, जंतूंचे अवशेष, मृत ऊतींचे तुकडे हे सारे त्या साफ करतात.

रक्तातून कळणारी वर्दी

जखम एका जागी असली तरी तिची वर्दी सर्व शरीरभर जाते. दाहाच्या जागेतील पेशी रक्तात संदेशवाहक प्रथिने सोडतात. ती मेंदूतील तापमान-नियंत्रक केंद्रावर परिणाम करतात, म्हणून ताप येतो. तीच यकृताला सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, अर्थात 'सीआरपी', तयार करण्यास सांगतात. हे प्रथिन १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात प्रथम आढळले.

ही तपासणी पुन्हा पुन्हा कशासाठी करता, असा प्रश्न बिल भरताना आम्हांस नेहमी विचारला जातो. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आमच्यासारख्या हिशेबनिसाला लगेच पटते. एका दिवसाची शिल्लक पाहून धंद्याची स्थिती कळत नाही. आधीच्या नोंदी शेजारी ठेवाव्या लागतात. निरोगी माणसाच्या रक्तात सीआरपी सर्वसाधारणपणे लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या आत असते. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर ते १०० च्या वर जाऊ शकते, आणि त्यात भिण्यासारखे काही नसते, कारण तीही एक इजाच आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते शिखर गाठते. पुढे नवी निर्मिती थांबली की रक्तातील प्रमाण सुमारे १९ तासांत निम्मे होते. म्हणजे सर्व काही ठीक असल्यास चौथ्या-पाचव्या दिवशी आकडा स्पष्टपणे उतरताना दिसला पाहिजे. तो उतरला नाही, किंवा उतरून पुन्हा चढला, तर आत कोठेतरी जंतुसंसर्ग वा गळती आहे काय, याचा शोध डॉक्टर घेतात. दुसरी तपासणी झाल्याखेरीज पहिलीला पुरता अर्थ येत नाही, तो असा.

ओसरणे हेही एक काम आहे

दाह आपोआप विझतो, असा पूर्वी समज होता. अलीकडील काही दशकांच्या संशोधनाने असे दाखवून दिले आहे की दाह थांबवण्यासाठी शरीर स्वतंत्र रसायने तयार करते. नव्या न्यूट्रोफिलना ती अटकाव करतात आणि मॅक्रोफेजना सफाईकडून दुरुस्तीकडे वळवतात. उघडलेले खाते रीतसर बंद करावे लागते, तसाच हा प्रकार आहे.

यानंतर जखम भरू लागते. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास तंतुजनक पेशी येतात, नव्या केशवाहिन्या फुटतात आणि जखमेच्या तळाशी लालसर, दाणेदार मांस दिसू लागते. ड्रेसिंग करताना ते पाहून नातेवाईक घाबरतात. सिस्टर मात्र समाधानाने मान डोलावतात. मग कोलॅजेन नावाचे चिवट तंतू विणले जातात. त्यासाठी प्रथिने लागतात आणि 'क' जीवनसत्त्व लागते. डाळ, दूध, अंडे, आवळा, लिंबू, पेरू यांना पथ्याच्या यादीत स्थान असते ते याच कारणासाठी. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला केवळ पातळ पेजेवर ठेवण्याची काही घरांतील रीत जखमेच्या दृष्टीने हिताची नाही. डॉक्टरांनी खाण्यास परवानगी दिली की चौरस आहार सुरू करावा. तंबाखू मात्र वर्ज्य करावी, कारण निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला मिळणारे रक्त कमी होते.

येथे एक आकडा प्रत्येकाने लक्षात ठेवावा. साधारणतः पहिल्या आठवड्याच्या अखेरीस जखमेच्या जागेची ताकद मूळ त्वचेच्या अवघी १० टक्के असते. तीन महिन्यांनी ती ७० ते ८० टक्क्यांपर्यंत पोहोचते आणि बहुधा तेथेच राहते. बाहेरून टाके निघाले म्हणून आत सर्व पूर्ववत झाले असे होत नाही. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर पोती वा पाण्याचे हंडे उचलू नका असे आम्ही वारंवार बजावतो, त्यामागे हा हिशेब आहे.

माप चुकते तेव्हा

अति तेथे माती, ही म्हण दाहाला पुरेपूर लागू पडते. इजा फार मोठी असली की एका जागेपुरती हितकारक असलेली क्रिया सर्व शरीराला बाधक ठरते. मोठ्या प्रमाणावर भाजलेल्या रुग्णात केवळ भाजलेल्या जागेतूनच नव्हे, तर शरीरभरच्या सूक्ष्म वाहिन्यांतून पाणी झिरपते. चेहरा, हात-पाय सुजतात आणि आत रक्ताभिसरणात मात्र पाण्याचा दुष्काळ पडतो. एवढी सूज असताना सलाइनवर सलाइन का लावता, हा नातेवाइकांचा प्रश्न स्वाभाविक आहे. पण पाणी वाहिन्यांच्या बाहेर आहे आणि हृदयाला ते आत हवे आहे. दीर्घकाळ प्रचलित असलेल्या सूत्रानुसार पहिल्या २४ तासांत वजनाच्या प्रत्येक किलोमागे आणि भाजलेल्या प्रत्येक टक्क्यामागे ४ मिलिलिटरपर्यंत द्रव द्यावे लागते. ५० किलो वजनाची व्यक्ती ३० टक्के भाजली असेल, तर ते ६ लिटरपर्यंत जाते. त्यांपैकी निम्मे भाजल्यापासूनच्या पहिल्या ८ तासांत द्यायचे असते आणि लघवीचे प्रमाण तासातासाला मोजून कमी-अधिक करायचे असते.

जंतुसंसर्गाला शरीराने दिलेले उत्तर असेच बेताल होऊन मूत्रपिंड, फुप्फुस यांसारखे अवयव निकामी होऊ लागतात, तेव्हा त्यास सेप्सिस म्हणतात. आमच्या अतिदक्षता विभागातील सर्वांत अवघड झुंज हीच असते, आणि तिच्यात प्रत्येक तास मोलाचा असतो.

दाह अपुरा पडणेही तितकेच घातक. मधुमेही रुग्णाच्या पायाची जखम हे त्याचे नित्याचे उदाहरण. अनियंत्रित साखरेमुळे पांढऱ्या पेशींची लढण्याची शक्ती कमी होते. त्यातच रक्तपुरवठा मंदावलेला असतो, आणि मज्जातंतू बधिर झाल्याने वेदना हे लक्षणच नाहीसे होते. चपलेच्या पट्ट्याने कातडे सोलवटले तरी रुग्णाला कळत नाही. दुखत नाही म्हणून तो येत नाही, आणि येतो तेव्हा कधी बोट, तर कधी पाऊल गमवावे लागते. मधुमेही माणसाच्या घरच्यांनी रोज रात्री त्याचे तळपाय डोळ्यांनी पाहावेत, ही आमची हात जोडून विनंती आहे. वयोवृद्धांतही लक्षणे अशीच दबलेली असू शकतात. संसर्ग मोठा असूनही ताप येत नाही.

तिसरा प्रकार न थांबणाऱ्या दाहाचा. क्षयाच्या जंतूंना पूर्णपणे मारता आले नाही की शरीर त्यांच्याभोवती पेशींचे कुंपण घालते आणि हा वेढा वर्षानुवर्षे चालू राहतो. संधिवाताच्या काही प्रकारांत शरीर आपल्याच सांध्यांवर उलटते. हृदयविकारास कारणीभूत होणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या काठिण्यातही मंद, दीर्घकालीन दाहाचा वाटा असतो.

औषधे : हितकारक, पण हिशेबाने

ॲस्पिरिनचा वापर १९ व्या शतकाच्या अखेरीपासून होत असला, तरी ते नेमके काय करते हे १९७१ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी दाखवले. ते प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखते, म्हणून ताप, वेदना व सूज कमी होतात. या कार्यासाठी १९८२ च्या नोबेल पारितोषिकात ते सहभागी होते. परंतु जठराच्या अस्तराचे रक्षण आणि मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा यांसाठीही प्रोस्टाग्लँडिन आवश्यक असतात. म्हणून या गटातील वेदनाशामक गोळ्या मनाने आणून दिवसेंदिवस घेतल्यास जठरात रक्तस्राव किंवा मूत्रपिंडांना इजा होण्याचा संभव असतो.

स्टिरॉइड तर दुधारी शस्त्र. कोविड साथीत जगाने हे प्रत्यक्ष पाहिले. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील रिकव्हरी या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. डेक्सामेथासोन या स्वस्त व जुन्या औषधामुळे कृत्रिम श्वसनयंत्रावर असलेल्या रुग्णांतील मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती अशा रुग्णांना मात्र त्याचा लाभ आढळला नाही. पुढे २०२१ साली महाराष्ट्रासह देशभर म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य रोगाचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडचा अवाजवी वापर ही त्याची प्रमुख कारणे असल्याचे दिसून आले. औषध तेच, वेळ आणि मात्रा यांनी त्याचा गुण ठरला.

सांधेदुखीसाठी कोठून तरी आणलेल्या बेनामी पुड्यांत कधी कधी स्टिरॉइड मिसळलेले असते. त्यामुळे जखम भरण्यास विलंब होतो आणि संसर्गाची लक्षणे झाकली जातात. अशी पुडी घेत असल्यास शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना निःसंकोच सांगावे. कोणीही रागावणार नाही. ती एकाएकी मनाने बंदही करू नये, कारण दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड अचानक थांबवणे धोक्याचे असते.

घरी काय पाहावे

शस्त्रक्रियेनंतर पहिले दोन-तीन दिवस जखमेभोवती थोडी लाली, सूज, कोमटपणा व दुखणे, तसेच सौम्य ताप असणे स्वाभाविक आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ही सर्व लक्षणे उताराला लागली पाहिजेत. जखमेतील संसर्ग बहुधा चौथ्या-पाचव्या दिवसानंतर डोके वर काढतो आणि ३० दिवसांपर्यंत केव्हाही उद्भवू शकतो. म्हणून पुढीलपैकी काहीही आढळल्यास ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात यावे :

१. कमी झालेली सूज किंवा वेदना पुन्हा वाढणे, ठणका लागणे.
२. लाली जखमेच्या कडेपासून पसरत जाणे. सावळ्या वर्णावर लाली ठळक दिसत नाही. तेव्हा हाताच्या मागील बाजूने स्पर्श करून गरमपणा पाहावा, तसेच त्वचा ताणलेली, चकचकीत वा काळपट झाली आहे काय हे पाहावे.
३. पट्टी ओली होणे, पू किंवा दुर्गंधी येणे, टाके उसवणे.
४. उतरलेला ताप पुन्हा चढणे, थंडी वाजणे.
५. धाप लागणे, बरळणे, ग्लानी येणे, लघवी अगदी कमी होणे. यांपैकी काही असल्यास तासाचाही विलंब करू नये.

जखमेवर हळद, राख, तंबाखू वा झाडपाल्याचा लेप लावू नये. हात साबणाने स्वच्छ धुतल्याशिवाय पट्टीस स्पर्श करू नये.

आपल्या देणगीचे काय होते

उपरोक्त घटनेनंतर आम्ही घरी जाणाऱ्या रुग्णाला द्यावयाचे कार्ड बदलले. आता त्यावर वरील पाच मुद्दे मोठ्या अक्षरांत छापलेले असतात, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना सिस्टर ते समजावून सांगून त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेतात. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना पाचव्या दिवशी दूरध्वनी करून जखमेची विचारपूस करण्याची पद्धतही सुरू करण्यात आली आहे.

या कामाची छायाचित्रे अहवालात शोभून दिसत नाहीत. नव्या यंत्राचे उद्घाटन करता येते. पाचव्या दिवशी केलेल्या दूरध्वनीचे करता येत नाही. परंतु दाहाचे सारे शास्त्र वाचून आम्हांस उमगले ते एवढेच, की जखम शरीर स्वतःच भरून काढते. डॉक्टर, परिचारिका आणि घरची माणसे यांचे काम ते नीट चालले आहे ना हे पाहत राहण्याचे, आणि माप चुकले की वेळीच हात घालण्याचे. आपल्या देणगीचा मोठा वाटा या 'पाहत राहण्या'वर खर्च होतो : रोजच्या ड्रेसिंगचे साहित्य, पुन्हा करावयाच्या तपासण्या, रात्रपाळीच्या परिचारिकांचे वेतन, निर्धन रुग्णांना मोफत दिला जाणारा आहार. हिशेबाच्या पत्रकात हे सर्व 'रुग्णसेवा खर्च' या एका ओळीत सामावलेले आपणांस दिसेल. त्या ओळीमागे काय असते ते आपणांस कळावे, अशी आमची इच्छा होती.

ते शेतकरी गृहस्थ मध्यंतरी तपासणीसाठी येऊन गेले. जखम उत्तम भरली आहे. जाताना त्यांचा मुलगा आमच्या खिडकीशी थांबला आणि नवे कार्ड मागून घेऊन गेला. शेजारच्या घरी एकाचे ऑपरेशन व्हायचे आहे, त्यांना दाखवतो, म्हणाला. वाचकांनीही हा लेख असाच शेजारी दाखवावा, ही नम्र विनंती.

 

रुग्णालय प्रशासन